नवऱ्याच्या हातातली छडी आणि बायबलचा हवाला

अमेरिकेतल्या काही कर्मठ प्रोटेस्टंट कुटुंबांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक रीत रुजली आहे. तिला तिथे ‘ख्रिश्चन डोमेस्टिक डिसिप्लिन’ म्हणतात. नवरा घराचं मस्तक, म्हणून बायकोला वळण लावणं त्याचं कर्तव्य, आणि वळण लावण्यात मारही आला, असं तिचं साधं गणित आहे. हे रागाच्या भरात होत नाही, असं तिचे समर्थक आवर्जून सांगतात. वाचताना अंगावर काटा येतो तो नेमका त्यामुळेच. आधी नियम ठरतात. खर्च किती करायचा, नवऱ्याशी कोणत्या सुरात बोलायचं, गाडी किती वेगाने चालवायची. नियम मोडला की दोघं खोलीत जातात, तो तिला चूक समजावून सांगतो, ती कबूल करते, मग हाताने किंवा लाकडी फळीने फटके, आणि शेवटी तिला जवळ घेऊन प्रार्थना. काही घरांत तर काही चूक नसतानाही ठरावीक दिवशी मार असतो. त्याला ‘मेंटेनन्स’ म्हणतात, मोटारीचं सर्व्हिसिंग करावं तसं.

२०१३ साली तिकडच्या माध्यमांत या प्रकाराची बरीच चर्चा झाली. मुख्य प्रवाहातल्या कुठल्याही चर्चने त्याला मान्यता दिलेली नाही. ‘कौन्सिल ऑन बिब्लिकल मॅनहूड अँड वुमनहूड’ ही परंपरावाद्यांची संघटना १९८७ पासून नवऱ्याच्या प्रमुखपणाचा हिरिरीने पुरस्कार करते, पण बायकोवर हात उगारण्याचा निषेध करणारं निवेदन तिनेही नव्वदच्या दशकातच काढलं होतं. म्हणजे प्रकार किरकोळ, माणसं थोडी. तरीही तो दुर्लक्षून चालत नाही, कारण इतर ठिकाणी मनातल्या मनात राहणारा एक युक्तिवाद ही मंडळी उघडपणे, कागदावर मांडतात. अमेरिकेत तो करारनामा लिहून होतो. आपल्याकडे ‘भांड्याला भांडं लागायचंच’ एवढ्या एका वाक्यात उरकतो.

तर आधी शास्त्राधार. बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर. नवऱ्याने बायकोला मारावं, असं बायबलमध्ये कुठे आहे? कुठेही नाही. नीतिसूत्रांतली छडी मुलासाठी आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो असा विचार आहे, पण तिथेही नातं बाप-लेकाचं आहे. बायकोचं नावही नाही. मग समर्थक एक जोडकाम करतात. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल नवऱ्याची तुलना ख्रिस्ताशी आणि बायकोची मंडळीशी, म्हणजे चर्चशी, करतो, ख्रिस्ताने मंडळीला शुद्ध केलं असंही म्हणतो. या शुद्ध करण्याला इब्री पत्रातली शिक्षा जोडली की झालं: बायको लेकरू आणि नवरा देव.

पण त्याच अध्यायात पौल आपल्या उपमेचा अर्थ स्वतःच सांगून मोकळा होतो. ख्रिस्ताने मंडळीसाठी केलं काय, तर स्वतःचा जीव दिला. आणि नवऱ्याने करायचं काय, तर माणूस स्वतःच्या देहाला जसं खाऊपिऊ घालतो, जपतो, तसं बायकोला जपायचं. स्वतःच्या अंगाचा कुणी द्वेष करत नाही, हा त्याचा मुद्दा. ज्या ओळीवरून बायकांना अधीनतेचा उपदेश होतो, तिच्या अगदी आधीची ओळ एकमेकांच्या अधीन राहा असं सर्वांनाच सांगते. इतकंच नव्हे, काही सर्वांत जुन्या हस्तलिखितांत बायकांविषयीच्या ओळीला स्वतःचं क्रियापदच नाही, ते आधीच्या ओळीतून घ्यावं लागतं. कलस्सैकरांस पत्रात नवऱ्यांना बायकांशी निष्ठुर न वागण्याची ताकीद आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाच्या पात्रतेत ‘मारका नसावा’ ही अट आहे. मंडळी चालवायला जो गुण नालायक ठरतो, तो घर चालवायला लायक कसा ठरेल?

एक जागा मात्र खरोखर अवघड आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय गुलामांना कठोर मालकांचंही ऐका म्हणून सांगतो, ख्रिस्ताने कसं निमूट सोसलं याची आठवण देतो, आणि तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला ‘त्याचप्रमाणे’ म्हणून बायकांकडे वळतो. मार खाणाऱ्या बाईला ‘सोस, तुझ्या सोसण्याने तो बदलेल’ असं सांगणाऱ्यांचा खरा आधार हा आहे. त्यापुढे इफिसकरांसचा आधार लंगडाच. पण हे पत्र ज्यांना लिहिलं त्यांच्या हातात ना कायदा होता ना सत्ता. अशा माणसांना तग कसा धरायचा हे सांगणं वेगळं आणि मालकाला मारायचा परवाना देणं वेगळं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी गुलामगिरीसाठी हेच अध्याय पुढे केले होते. आज गुलामांविषयीचा भाग कुणी शब्दशः लागू करत नाही. बायकांविषयीचा मात्र करतात. या निवडीचं कारण बायबलमध्ये शोधून सापडणार नाही. शिवाय त्याच तिसऱ्या अध्यायात पुढे नवऱ्यांना बजावलं आहे की बायकोला मान दिला नाही तर तुमच्या प्रार्थना अडतील. हा भाग प्रवचनांत तुलनेने कमी ऐकू येतो.

मग ख्रिस्ती घरात छडी आली कुठून? माझ्या मते ती आली कायद्यातून. रोमन गृहप्रमुखाच्या अधिकारातून, पुढे चर्चच्या आणि राजांच्या न्यायालयांतून. शास्त्राचा शिक्का तिच्यावर मागाहून बसला. संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मधला नववा भाग या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. चौथ्या शतकातलं उत्तर आफ्रिकेतलं तागास्ते गाव, चेहऱ्यावर माराचे वळ घेऊन बसलेल्या शेजारणी, आणि त्यांच्यात ऑगस्टीनची आई मोनिका. तिचा नवरा पॅट्रिशियस तापट म्हणून गावभर प्रसिद्ध, तरी त्याने तिच्यावर कधी हात टाकल्याचं कुणी ऐकलेलं नाही. बायका तिला युक्ती विचारतात. ती सांगते की लग्नाचा करार वाचून दाखवला त्या दिवसापासून आपण दासी झालो असं समजा, तो रागात असताना उलट बोलू नका, शांत झाला की आपली बाजू मांडा. ऑगस्टीन हे आईच्या कौतुकाने लिहितो. आजचा वाचक मात्र दोन गोष्टींशी अडखळतो. मोनिकाचा आधार सुवार्ता नाही, करारनामा आहे. आणि मार टाळायची जबाबदारी सगळी मार खाणारीवर.

पण त्याच काळात याच्या उलट बोलणाराही होता. अँटिओखमध्ये आणि नंतर कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रवचनं गाजवणारा जॉन क्रिसोस्टोम बाईला गौण मानणारा होता, त्याला स्त्रीवादी ठरवण्याचा उद्योग कुणी करू नये. तरी करिंथकरांस पहिल्या पत्रावरच्या प्रवचनात तो बजावतो की बायकोचा कितीही मोठा अपराध असला तरी तिला मारण्याची वेळ येत नाही. त्यात मारणाऱ्याचीच नामुष्की आहे. इंग्लंडच्या चर्चने १५६३ मध्ये विवाहावरचं जे अधिकृत प्रवचन सक्तीने वाचायला लावलं, त्यात क्रिसोस्टोमचाच आधार घेऊन मारकुट्या नवऱ्यांची कानउघाडणी केली आहे.

या दोन टोकांच्या मध्ये चर्चचा कायदा मात्र नवऱ्याच्या बाजूला झुकत गेला. इ. स. ४०० मधल्या टोलेडोच्या धर्मसभेने आपल्या अपराधी बायकांना घरात बांधून ठेवण्याची, उपास घडवण्याची मुभा धर्मसेवकांना दिली, फक्त जीव जाता कामा नये. बाराव्या शतकात ग्रेशियनने चर्चच्या कायद्याचं संकलन केलं, त्यात बायको नवऱ्याच्या शासनाखाली आहे हे तत्त्व पक्कं झालं. धर्मसुधारणेने फार फरक पडला असं म्हणवत नाही. कॅल्व्हिनच्या जिनिव्हात चर्चचं पंचमंडळ बायकोला मारणाऱ्यांना बोलावून झापायचं, प्रभुभोजनातून बाहेरही ठेवायचं, आणि वर बाईला ‘आता घरी जा, नीट नांदा’ सांगायचं. छळ करणाऱ्या नवऱ्याला सोडू का, असं विचारणाऱ्या एका खानदानी बाईला तिथून आलेलं उत्तर असं की जिवावर बेतल्याखेरीज नको.

सतराव्या शतकातलं इंग्लंड मात्र थांबून पाहण्यासारखं आहे, कारण तिथे हा वाद उघड्यावर झाला. १६०८ मध्ये ऑक्सफर्डमध्ये एका विद्वानाने बायकोला मारणं कायदेशीर आहे असा पक्ष जाहीर सभेत मांडला. पुढच्याच वर्षी विल्यम हील याने त्याला पुस्तकभर उत्तर दिलं. विल्यम व्हेटली या प्युरिटन उपदेशकाने अगदी पराकोटीच्या प्रसंगासाठी पळवाट ठेवली. आणि १६२२ मध्ये लंडनच्या विल्यम गूज याने गृहस्थधर्मावरच्या आपल्या जाडजूड ग्रंथात ती बंद केली. हा गूज काही उदारमतवादी नव्हे. बायकोच्या अधीनतेवर त्याने इतका जोर दिला की त्याच्याच मंडळीतल्या बायका कुरकुरल्या. पण मारण्याला शास्त्रात आधार नाही, आणि एकदेह झालेल्या माणसाने स्वतःलाच मारण्यासारखं ते आहे, हे त्याने निःसंदिग्ध लिहिलं. नवऱ्याचं प्रमुखपण कडकपणे मानूनही छडी नाकारता येते, याचा यापेक्षा सरळ दाखला मला माहीत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीतल्या प्युरिटनांनी तर १६४१ च्या आपल्या कायद्यात विवाहित स्त्रीला नवऱ्याकडून शारीरिक शिक्षा होणार नाही असं कलमच घातलं. तिनेच हल्ला केला तर स्वसंरक्षणापुरता अपवाद.

उलट इंग्लंडचा विधिपंडित ब्लॅकस्टोन याने १७६५ मध्ये जुन्या कायद्यातला मारण्याचा अधिकार समजावून सांगितला तो कसा? बायकोच्या वागण्याची भरपाई नवऱ्याला करावी लागते, म्हणून शिकाऊ नोकराप्रमाणे आणि मुलांप्रमाणे तिला मर्यादेत शिक्षा करण्याची सत्ता त्याला. सगळा हिशेब भरपाईचा. हा अधिकार आता शंकास्पद मानला जातो, असंही त्यानेच नोंदवलं. अमेरिकेत १८७१ मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो साफ मोडीत काढला. म्हणजे ज्याला आज ‘सनातन बायबलप्रणीत कुटुंब’ म्हणून पेश केलं जातं, ते न्यायालयांनी दीडशे वर्षांपूर्वी टाकून दिलेलं जुनं सामान आहे.

आपल्याकडच्या ख्रिस्ती बाईची गोष्ट वेगळ्याच ठिकाणी अडली. ब्रिटिशांनी १८६९ मध्ये भारतीय घटस्फोट कायदा केला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र नवऱ्याचा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असं दुहेरी ओझं. नुसत्या मारहाणीवर तिला फार तर न्यायिक विभक्तता मिळे, घटस्फोट नाही. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, नगर-सोलापूरकडच्या मिशनशाळा, शिकलेल्या परिचारिका आणि शिक्षिका, हे सगळं याच कायद्याखाली वाढलं. मराठी ख्रिस्ती समाजाने बाईला अक्षर लवकर दिलं, पण घरातून सुटायची वाट बाकीच्यांपेक्षा उशिरा मिळाली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही क्रूरता हे घटस्फोटाचं कारण म्हणून १९७६ मध्येच आलं. ख्रिस्ती बाईला त्यासाठी २००१ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावं लागलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये ही दुहेरी अट घटनाबाह्य ठरवली नसती तर महाराष्ट्रात तेवढीही वाट आधी मोकळी झाली नसती. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या बायकांना लागू आहे, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला.

कायदा बदलला तरी लोकांच्या मनातली परवानगी तशीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत सात कारणं वाचून दाखवली होती: न सांगता बाहेर गेली, मुलांकडे दुर्लक्ष केलं, वाद घातला, स्वयंपाक बिघडवला, सासू-सासऱ्यांचा अपमान केला, वगैरे. यांपैकी निदान एका कारणासाठी मारणं योग्य आहे असं ४५ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुष म्हणाले. पुरुषांपेक्षा स्त्रियांचा आकडा एका टक्क्याने जास्त! अमेरिकेतल्या त्या नियमांच्या यादीला हसण्याआधी ही यादी वाचावी. आपल्याकडे यादी लिहून ठेवावी लागत नाही, एवढाच फरक.

चर्चने यावर काय म्हटलं? कॅथलिक चर्चपुरतं बोलायचं तर १९८३ च्या धर्मविधीसंहितेचं कलम ११५३ सांगतं की जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहणं रास्त आहे, आणि विलंब धोक्याचा असेल तर बिशपची परवानगी येण्याची वाटही पाहायला नको. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ मध्ये इफिसकरांसमधली अधीनता दोन्ही बाजूंची म्हणून मांडली. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये ‘आमोरिस लेतित्सिया’त त्याच ओळीवर त्या काळच्या रूढींचा पगडा असल्याचं लिहिलं, आणि काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरतं असंही. अडचण अशी की हे कागद रविवारच्या मिस्सेला येणाऱ्या बाईपर्यंत पोहोचत नाहीत. तिच्यापर्यंत पोहोचतं ते ‘देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये’. पंथ बदलला तरी हे चित्र फारसं बदलत नाही. टेक्ससच्या साउथवेस्टर्न बॅप्टिस्ट सेमिनरीच्या अध्यक्षाला २०१८ मध्ये पद सोडावं लागलं, त्यामागच्या कारणांत त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणाचा मोठा वाटा होता: मार खाणाऱ्या बाईला त्याने घरी परत जाऊन पलंगाशेजारी प्रार्थना करायला सांगितलं होतं, ती दोन काळे डोळे घेऊन आली, आणि नवरा चर्चला आला म्हणून याने समाधान मानलं होतं. जगातल्या एका मोठ्या प्रोटेस्टंट पंथाचा हा ज्येष्ठ नेता. त्याच्याकडे छडीचं समर्थन नव्हतं. होती ती फक्त सोसण्याची शिफारस, आणि माझ्या मते नुकसान जास्त तिनेच होतं.

छडी आणि सोसणं दोन्ही नकोत तर उरतो संवाद; आता त्याकडे. या क्षेत्रात चर्चने चांगलं कामही केलं आहे. स्पेनमधले धर्मगुरू गॅब्रिएल काल्वो यांनी सुरू केलेलं ‘मॅरेज एन्काउंटर’ हे जोडप्यांसाठीचं शिबिर भारतातल्या पॅरिशांतही रुळलं. त्यातली एक रीत मला फार आवडते: एक प्रश्न घ्यायचा, दोघांनी दहा मिनिटं वेगवेगळं बसून एकमेकांना पत्र लिहायचं, मग वह्या बदलून दहा मिनिटं बोलायचं. लिहिताना मध्येच कुणी तोंड घालू शकत नाही, यात तिचं निम्मं यश आहे. सिएटलच्या जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या भांडणांचं वर्षानुवर्षं चित्रीकरण केलं. संसार मोडणाऱ्या सवयी म्हणून त्यांनी सतत दोष काढणं, तुच्छता, स्वतःची सारवासारव आणि अबोला या चार गोष्टी सांगितल्या. सर्वांत घातक तुच्छता. नाडी शंभराच्या वर गेली की ऐकू येणं जवळजवळ बंद होतं, म्हणून वीस मिनिटं तरी बाजूला व्हावं, हा त्यांचा सल्ला मोनिकाच्या युक्तीशी थोडा जुळतो. पण इथे थांबायचं दोघांनी, एकट्या बाईने नाही.

मराठीत भांडकुदळ पण जिवंत ख्रिस्ती संसार पाहायचा तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ हाताशी आहे. त्यांच्या नवऱ्याने, टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने आल्या. तापट, लहरी, हातात आलेलं दुसऱ्याला देऊन टाकणारा नवरा, आणि त्याला तोंडावर सुनावणारी बायको. ती उलट बोलते, रुसते, त्याची टर उडवते, आणि हे सगळं लिहूनही ठेवते. या संसाराला आदर्श वगैरे म्हणायचं कारण नाही. पण तिला ‘नाही’ म्हणता येत होतं, आणि पाच वर्षं तिने ते म्हणून दाखवलं.

हीच कसोटी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गॉटमन आणि नील जेकबसन यांनी १९९८ मध्ये मारकुट्या नवऱ्यांवरचं संशोधन पुस्तकरूपाने मांडलं. त्यातला एक निष्कर्ष असा की त्यांच्यापैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या पुरुषांची नाडी भांडण चढत असताना वाढण्याऐवजी उतरत होती. ते रागाने बेभान झालेले नव्हते. ते शांत होते. मार सुरू झाल्यावर बाईने काहीही केलं तरी तो थांबत नाही, असंही त्यांना आढळलं. म्हणजे ‘तू नीट बोलली असतीस तर’ या सल्ल्याला बूडच नाही. आणि ‘आम्ही रागात मारत नाही, शांतपणे मारतो’ हा बचाव? या संशोधनाच्या शेजारी ठेवला की तो बचाव राहत नाही. भीती असलेल्या घरात संवादाचे धडे देणं धोक्याचंही असतं: पाळकसाहेबांसमोर दोघांना एकत्र बसवलं, ती मोकळेपणाने बोलली, आणि घरी गेल्यावर त्या बोलण्याची किंमत तिने मोजली, हे समुपदेशन करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच जिथे जरब आहे तिथे दोघांचं एकत्र समुपदेशन करू नये, असं या क्षेत्रात मानलं जातं.

‘पण तिची संमती आहे ना?’ हा शेवटचा युक्तिवाद. कायद्याचं उत्तर सरळ नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की संमतीने केलेली इजाही गुन्हाच; १९९६ मध्ये तिथल्याच अपील न्यायालयाने, बायकोच्या सांगण्यावरून तिच्या अंगावर आपली आद्याक्षरं डागणाऱ्या नवऱ्याला सोडून दिलं. दोन प्रौढ माणसं आपखुशीने काय करतात यात नाक खुपसू नये, हे मलाही पटतं. पण ज्या संमतीमागे ‘नाकारलंस तर देवाची अवज्ञा’ हे ठेवलेलं आहे, ती आपखुशी कशी? भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ नुसार इजेच्या भीतीपोटी दिलेली संमती ही संमती नव्हे. चर्चला हे नवीन नाही. धर्मविधीसंहितेचं कलम ११०३ जबरदस्तीने किंवा गंभीर भीतीपोटी झालेलं लग्न अवैध मानतं. लग्नाआधी पॅरिशच्या ऑफिसात फादर वर आणि वधू यांना वेगवेगळं बसवून विचारतात: आपल्या मर्जीने येताय ना, कुणाचा दबाव नाही ना? उत्तर नोंदवलं जातं, खाली सही होते. एकदा लग्न लागलं की मात्र हा प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही. भांडण घेऊन जोडपं आलं की त्यांना एकत्र बसवून इफिसकरांस उघडण्याआधी, तिला एकटीला बसवून हाच प्रश्न विचारायला कोणत्याही धर्मसभेच्या ठरावाची गरज नाही.